पर्समधली आई

माझा आवाज वाईट आहे असं मला कुणी कधी तोंडावर सांगितलेलं नाही. लोक सभ्य असतात. मी गुणगुणायला लागले की कुणीतरी उठून खिडकी लावतं, कुणाला एकदम बाहेरचं काम आठवतं, आणि आमचे हे, जे एरवी रेडिओला हात लावत नाहीत, ते रेडिओ लावतात. मी बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसते. काचेला एक भोक, भोकापलीकडे सगळं जग, आणि त्या जगाला दिवसभर ओरडून सांगायचं की बाबा रे, तुझी गाडी कुठल्या फलाटाला लागेल. असा वापरलेला आवाज झिजत नाही. त्याला धार येते.

अशात परदेशातल्या एका अनाथ मुलांच्या संस्थेचा फोन आला. आमची मुलगी त्या संस्थेत होती. ‘आमची’ म्हणायला अजून दत्तकाच्या कागदांची परवानगी नव्हती, पण मन कुठे कागदाला विचारून धावतं? भिंतीवर तिचा फोटो होता. फोटोत ती कपाळाला आठी घालून, आमची उलटतपासणी घेतल्यासारखी बघत होती, म्हणून ह्यांनी तिचं नाव ठेवलं होतं जज्जबाई.

फोनवर संस्थेच्या दुभाषी बाई होत्या. आपली भाषा त्या पाटी पुसून लिहावी तशी स्वच्छ बोलत. म्हणाल्या, “इथली पद्धत अशी आहे की भेटीच्या आधी काही महिने बाळाला रोज दुपारी झोपताना आईचा आवाज ऐकवतात. म्हणजे भेटीच्या वेळी आई परकी वाटत नाही. तुम्ही एक अंगाई म्हणून पाठवा.”

“वडिलांचा आवाज चालणार नाही का?” मी विचारलं.

“मी काय, नुसता खोकीन,” हे मागून म्हणाले.

त्या दिवशी मी दार लावून अंगाई म्हटली आणि फोनमध्ये भरली. मग ह्यांना ऐकवली. ह्यांनी पूर्ण ऐकली, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो दंतवैद्याच्या खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो. शेवटी म्हणाले, “शब्द स्पष्ट आहेत.”

सासूबाईंना फोनवरून ऐकवली. त्या म्हणाल्या, “चांगली आहे. पण आधी कुणाला तरी लेकराजवळ बसायला सांग हो.”

झालं. बातमी जिन्यातून वरखाली झाली. तळमजल्यावरचे विमावाले काका सल्ला द्यायला आले. कुणाच्याही घरी काहीही झालं तरी काकांकडे त्यावर सल्ला असतो. म्हणाले, “वहिनी, पहिला ठसा महत्त्वाचा. तो एकदा उमटला की उमटला. वरच्या गाणेबाई कशाला आहेत?”

गाणेबाई आमच्या वरच्या मजल्यावर गाण्याचा क्लास चालवतात. गळा असा की पायऱ्या उतरताना त्यांनी नुसतं “कोण आहे?” विचारलं तरी माणूस नाव सांगायचं विसरून ऐकत उभा राहतो. त्या आल्या, आमच्या पलंगावर मांडी घालून बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या:

*नीज गं नीज पाखरा, दिवा झाला मंद,*
*वाऱ्याने लोटलं दार, फुलाने मिटला गंध…*

स्वयंपाकघरातला नळसुद्धा ठिबकायचा थांबला असं मला वाटलं. विमावाले काकांनी डोळे पुसले. मला मात्र रडू आलं ते वेगळ्याच कारणाने. मला वाटलं, ज्या मुलीला असा आवाज मिळू शकतो, तिला मी माझा का द्यावा?

आणि आम्ही गाणेबाईंची अंगाई पाठवून दिली. खाली नाव माझं.

आता इथे वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली असेल, पण त्या वेळी आमच्या घरात एकालाही यात काही गैर दिसलं नाही. पाहुणे यायचे असले की आपण शेजारून चांगल्या खुर्च्या आणतोच ना? तसा शेजारून चांगला आवाज आणला. फरक एवढाच, की पाहुणे उठून जातात आणि खुर्च्या परत करता येतात.

*

काही महिन्यांनी आम्ही भेटीला गेलो. संस्थेची इमारत स्वच्छ, बुटकी आणि शांत होती. आत शिरताच मऊ साबणाचा आणि दुधाचा वास आला. दारातच संचालिकाबाई उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी दुभाषी बाई, आणि मागे पांढऱ्या कपड्यांतल्या चार-पाच बायका. सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीने तर छातीवर हात ठेवला.

“त्या म्हणतात,” दुभाषी बाई म्हणाल्या, “त्या सगळ्या रोज दुपारी तुमचं गाणं ऐकतात. मुलगी त्याशिवाय झोपतच नाही. मुलींच्या खोलीत सांभाळणाऱ्या ह्या आयाबाई, ह्यांनी तर चाल पाठ केली आहे. सगळ्यांना तुम्हाला बघायचं होतं.”

मी हसले. ते हसू तोंडावर बसेना, सारखं घसरत होतं.

मग नियम सांगितले. मुलीला आपण होऊन उचलायचं नाही. ती स्वतःहून जवळ आली पाहिजे. आठवडाभर भेटी, शेवटच्या दिवशी समितीचे एक गृहस्थ येणार, ते सगळं पाहणार आणि निर्णय घेणार. मुलगी रुळली नाही, तर हे प्रकरण इथेच मिटणार आणि ती यादीतल्या पुढच्या घराकडे जाणार.

‘यादीतलं पुढचं घर’ हे शब्द ऐकल्यावर ह्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

आम्हाला मुलींच्या खोलीत नेलं. जमिनीवर फिक्या रंगाची मऊ चटई, भिंतीलगत बुटकी फळी, फळीवर लाकडी ठोकळे. आणि आयाबाईंच्या मांडीवर जज्जबाई. आठी तशीच. केस मात्र फोटोत नव्हते एवढे झाले होते, आणि डाव्या गालाला खळी होती, जी फोटोने आम्हाला सांगितलीच नव्हती. नुकत्याच फुटलेल्या पानावर हात ठेवायचा मोह व्हावा तसं मला झालं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

संचालिकाबाई हळूच काही बोलल्या. दुभाषी बाई म्हणाल्या, “त्या म्हणतात, आता गा.”

खोलीतल्या सगळ्या बायका कान देऊन उभ्या. आयाबाईंनी डोळेसुद्धा मिटले. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि गळ्याला हात लावून डोकं हलवलं.

“घसा बसलाय,” हे चटकन म्हणाले. नवरे कधीकधी मदतीला धावतात आणि नेमकी वेळ चुकवतात.

दुभाषी बाईंनी हे सांगताच खोलीत धावपळ उडाली. आयाबाईंनी मुलीला पदराआड घ्यावं तसं हातांआड घेतलं. माझ्या तोंडावर मास्क चढवला. बाहेरच्या व्हरांड्यात मोठी काच होती, तिच्यापलीकडे मला उभं केलं. संसर्ग! लहान मुलं! पुढच्या क्षणी मी काचेच्या बाहेर आणि माझी मुलगी काचेच्या आत. या काचेला भोकही नव्हतं.

“अहो, काय बोलून बसलात!” मी मास्कमधून म्हटलं.

“मग काय सांगू? की हिच्या गळ्यात भाडेकरू आहे म्हणून?”

डॉक्टर आले. त्यांनी माझ्या घशात दिवा टाकला, जीभ दाबली, ‘आ’ करायला लावलं. मी शक्य तितका हळू ‘आ’ केला. त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दिवा टाकला. मग संचालिकाबाईंना काही सांगितलं.

“ते म्हणतात, घसा अगदी निरोगी आहे,” दुभाषी बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वच्छ भाषेत एक लहानसा प्रश्न होता, पण तो त्यांनी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझ्या वतीने सांगितलं, प्रवासाचा शीण आहे. तिसऱ्या दिवशी, डोकं दुखतंय. मी खोलीत बसायची, हसायची, खुणा करायची, ठोकळे रचायची, पण बोलायची नाही. एक शब्द जरी बोलले असते तरी त्या खोलीतल्या बायकांना कळलं असतं. मुलगी माझ्याकडे बघायची ती बंद दुकानाकडे बघावं तशी. दुपार झाली की भिंतीवरच्या पेटीतून गाणेबाई यायच्या, *वाऱ्याने लोटलं दार…* आणि जज्जबाई मान टाकून, आठी सोडून, पेटीकडे तोंड करून झोपून जायच्या. मी शेजारीच बसलेली असायची. स्वतःच्या नावाच्या बाईचा इतका मत्सर जगात कुणी केला नसेल.

चौथ्या दिवशी संचालिकाबाईंनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतक्या हळुवार बोलल्या की दुभाषी बाईंचाही आवाज खाली आला.

“त्या म्हणतात, कधीकधी माणसं इथवर येतात आणि मग मन मागे फिरतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुमचं तसं असेल तर आजच सांगा. मुलीला ताटकळत ठेवायला नको.”

मन मागे फिरलं! माझं! मी उठले, बसले, पुन्हा उठले. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी जो अर्थ काढला, तो त्यांच्या डोळ्यांत दिसला.

मुक्कामाच्या खोलीवर परतल्यावर मी म्हटलं, “अहो, मी सांगून टाकते.”

“काय सांगणार? की आम्ही आवाज खोटा पाठवला?” हे खोलीत येरझाऱ्या घालत होते. खोली लहान असल्यामुळे ती येरझार कमी आणि गिरकी जास्त वाटत होती. “आवाज खोटा म्हटलं की ते विचारतील, पगार खरा कशावरून? प्रकृती खरी कशावरून? सगळं परत तपासतील. तोवर यादीतलं पुढचं घर मुलगी घेऊन गेलेलं असेल.”

मग गाणेबाईंना फोन लावला. त्यांनी भर दुपारी मला फोनवरून शिकवायला घेतलं. “पोटातून काढ. पोटातून. अगं, हे नाकातून येतंय.” मी पोटातून काढला. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. मी आणखी खोलातून काढला. खालचा व्यवस्थापक वर आला आणि खुणेने विचारू लागला की कुणाला लागलं आहे का. ह्यांनी त्याला खुणेनेच समजावलं की बाई गाते आहे. त्याने माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. माझ्या आयुष्यात माझा अनेकदा अपमान झाला आहे, पण परक्या भाषेत, एक शब्द न उच्चारता झालेला हा पहिलाच.

तेव्हा ह्यांना ती युक्ती सुचली. फोन पर्समध्ये ठेवायचा. पर्सची चेन अर्धी उघडी. गाणं पर्समधून येणार, ओठ मी हलवायचे.

“तू फक्त ओठ हलव,” फोनवरून गाणेबाई म्हणाल्या. “सूर मी सांभाळते.”

संध्याकाळपर्यंत मी आरशासमोर ओठ हलवत होते. ‘मंद’ला किती उघडायचे, ‘गंध’ला कधी मिटायचे. दोनदा मला वाटलं, आरशातली बाई माझी कीव करते आहे.

*

शेवटच्या दिवशी समितीचे गृहस्थ आले. उंच, चष्मा नाकावर, हातात पेन. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. संचालिकाबाई दाराशी, दुभाषी बाई मध्ये. हे भिंतीला असे टेकले होते जणू भिंतच पडणार होती. मी चटईवर बसले, पर्स मागे गुडघ्याजवळ ठेवली आणि हात आत घालून बटण दाबलं.

*नीज गं नीज पाखरा…*

आयाबाईंच्या मांडीवरून मुलीने डोकं वर काढलं. आठी गेली. ती मांडीवरून उतरली आणि रांगायला लागली. माझ्या दिशेने! मी ओठ हलवत होते. ती जवळ आली. आणखी जवळ आली. तिच्या नाकावर घामाचा एक थेंब होता. मी दोन्ही हात पुढे केले.

आणि माझ्या गुडघ्यापाशी येऊन, फलाटाला न लागता वळणाऱ्या गाडीसारखी वळून, ती पर्सकडे गेली.

तिने पर्सला मिठी मारली. मग पर्सवर गाल टेकला. मी ओठ हलवतच होते. थांबवायचे कसे, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. गाणं माझ्या पाठीमागून येत होतं, ओठ पुढे हलत होते, आणि मधे मी होते.

कोपऱ्यात पेन थांबलं. संचालिकाबाई एक पाऊल पुढे आल्या. मुलीने पर्समध्ये हात घातला आणि फोन बाहेर ओढला. नेमका तेव्हाच गाण्याचा सूर तुटून फोन वाजू लागला, आणि तिच्या बोटाखाली तो घेतलाही गेला, स्पीकरसकट.

“हॅलो!” खोलीभर गाणेबाई दुमदुमल्या. “काय गं, आली का पोर जवळ? ओठ नीट हललेत ना? मला राहवेना म्हणून फोन केला!”

ह्यांनी डोळे मिटून घेतले. आयाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

संचालिकाबाईंनी विचारलं आणि दुभाषी बाईंनी ते हळूच आपल्या भाषेत आणलं, “ह्या कोण?”

“त्या आमच्या शेजारीणबाई,” मी म्हटलं. आठवडाभरात त्या खोलीत उमटलेला तो माझा पहिला शब्द. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका दचकल्या. दचकोत. “गाणं त्यांचं आहे. आवाज त्यांचा. बाकीची सगळी मी. मला वाटलं, माझा आवाज ऐकून ती रडेल. मन मागे फिरलं नाही हो माझं. घसाच पुढे येत नव्हता.”

दुभाषी बाई सांगत होत्या तोवर मी चटईवरच्या एका टाक्याकडे बघत राहिले. समितीच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग आयाबाईंना खूण केली. त्यांनी वाकून मुलीच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

आणि मुलगी रडली.

आम्ही तिचं रडणं ऐकलंच नव्हतं. फोटोला आवाज नसतो, आणि संस्थेत तिच्या प्रत्येक रडण्याआधी गाणेबाई हजर असायच्या. तो आवाज त्या एवढ्याशा गळ्यात मावत कसा होता, देवाला माहीत. जाड, खरखरीत, रुंद, कडेला दातेरी. काच थरथरली. फळीवरचा वरचा ठोकळा खाली पडला. हे भिंतीपासून सुटून माझ्याकडे बघायला लागले, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे.

“अगं,” ते म्हणाले, “हा तर तुझाच…”

आयाबाई कानांवर हात ठेवून हसत होत्या, काहीतरी ओरडून सांगत होत्या. “त्या म्हणतात,” दुभाषी बाईही ओरडूनच म्हणाल्या, “गाण्याची गरज मुलीपेक्षा आम्हालाच जास्त होती!”

मी समिती विसरले, नियम विसरले, गळा विसरले. “अगं ए बाई! हो, हो, हो! काय झालं काय एवढं? कुणी नेलं तुझं?”

माझा खराखुरा आवाज. फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा.

मुलगी मध्येच थांबली. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, पण आवाज बंद. या खोलीत आपल्यापेक्षा मोठ्याने कोणीतरी बोलू शकतं, ही गोष्ट तिला नवीन असावी. तिने फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता. ह्यांच्याकडे पाहिलं; हेही गप्प होते. मग माझ्याकडे पाहिलं. आठी पडली. ती रांगत आली, माझी बाही धरून उभी राहिली, डुगडुगली, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखं माझं तोंड जवळून पाहिलं. पर्समध्ये घातला होता तसाच हात तिने सरळ माझ्या तोंडात घातला. चार बोटं. तो आवाज आत कुठे ठेवला आहे ते तिला बघायचं होतं.

तिच्या बोटांना लाकडी ठोकळ्याची आणि दुधाची चव होती. मी हलले नाही. श्वाससुद्धा नाकातून, बेताने घेतला. फांदीवर पाखरू बसलं की फांदी घेत असेल तसा.

समितीचे गृहस्थ खुर्चीतून उठले, समोर आले आणि गंभीरपणे काही बोलले.

“ते विचारतात,” दुभाषी बाई म्हणाल्या, “जे झालं ते झालं. पण एक प्रश्न त्यांना विचारावाच लागतो. या मुलीची आई व्हायला तुम्ही तयार आहात का? उत्तर तुमच्या स्वतःच्या आवाजात आणि मोठ्याने द्यायचं असतं.”

“उं,” मी म्हटलं.

“अगं, तिचा हात काढ ना बाजूला,” हे कुजबुजले. “साहेब थांबलेत.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी शब्द परत घेतले. मुलीने दुसराही हात आत घालायला सुरुवात केली होती.

“उं उं, उंऽऽ उं!” मी माझ्या संपूर्ण आवाजात म्हटलं. व्हरांड्यातून दोन डोकी आत डोकावली.

दुभाषी बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्या गृहस्थांकडे वळल्या आणि बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. मधे एकदा थांबल्या, शब्द शोधला, पुन्हा बोलल्या. आयाबाईंनी बाहीने नाक पुसलं. संचालिकाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात, मुलगी माझ्या कडेवर आणि तिचा हात अजून माझ्या ओठाला धरून असताना, हे दुभाषी बाईंच्या मागे लागले. “बाई, एवढं काय सांगितलंत हो तुम्ही त्यांना?”

“त्या म्हणाल्या तेवढंच,” दुभाषी बाई म्हणाल्या. “माझ्या पदरचा एक शब्दही घातला नाही.”